कारण सापडलं नाही तरी

घरात अकाली मृत्यू झाला की तिसऱ्या दिवसापर्यंत कारणं सांगणारी माणसं जमतात. कुणी म्हणतं, चांगली माणसं देवालाही लवकर हवी असतात. कुणी म्हणतं, मागच्या जन्मीचं काही देणं असेल. आमच्या ख्रिस्ती घरांत मागचा जन्म काढत नाहीत, पण ‘देव तुमची परीक्षा पाहतोय’ असं सांगणारे तिथंही भेटतात. यातल्या कुणाच्याच मनात वाईट नसतं. समोरचं रडणं बघवत नाही, गप्प बसणं जमत नाही, म्हणून तोंडाला येईल ते कारण पुढं केलं जातं.

माझं कळकळीचं सांगणं आहे की हे थांबवा. आणि ज्यांच्या घरावर असा प्रसंग आला आहे त्यांना माझं सांगणं आहे की ही कारणं तुम्हाला पटली नाहीत, तर आपला देवावरचा विश्वास उडाला असं समजू नका. लोकांनी सांगितलेलं कारण न पटणं वेगळं आणि देवावरचा भरवसा जाणं वेगळं. कित्येक भाविक माणसं या दोन्हींची गल्लत करतात आणि आधीच्या दुःखावर अपराधीपणाचं ओझं घेऊन वर्षानुवर्षं चालतात.

मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे मला जे शास्त्र ठाऊक आहे त्यातूनच बोलणार. पण दुःखाला धर्म नसतो. वाचणारे वारकरी असोत, मुसलमान असोत, की देव आहे की नाही याच विचारात असोत, हे लिहिणं त्यांच्यासाठीही आहे.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, ईयोबाचं पुस्तक आहे, ४२ अध्यायांचं. ईयोब सज्जन होता, देवाला भिऊन वागणारा होता. एका दिवसात त्याची गुरंढोरं गेली, गडीमाणसं गेली, सात मुलगे आणि तीन मुली घर कोसळून त्याखाली मेल्या. पुढं सगळं अंग फोडांनी भरलं. त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, लांबून भेटायला आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ भुईवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. माझ्या मते या तिघांनी केलेलं सगळ्यांत चांगलं काम तेवढंच. त्यानंतर ते बोलू लागले, आणि अध्यायामागून अध्याय बोलत राहिले. तुझ्या हातून काही पाप घडलं असेल, तुझ्या मुलांच्या हातून घडलं असेल, देव विनाकारण कुणाला शिक्षा करत नाही. ऐकायला सगळं धार्मिक, देवाची बाजू राखणारं.

ईयोबानं ते मानलं नाही. तो आपल्या जन्माच्या दिवसाला शिव्याशाप देत होता, देवाशी समोरासमोर वाद घालायची परवानगी मागत होता. आपल्याकडच्या एखाद्या उपासनेत कुणी असं बोललं तर वडीलधारे त्याला गप्प बसवतील. शेवटी देव वावटळीतून बोलला. तो काय बोलला ते नीट वाचा. ईयोबावर हे का आलं, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. पृथ्वीचा पाया, समुद्राची हद्द, हिमाचे साठे, रानातल्या हरिणी केव्हा वितात, असे प्रश्नावर प्रश्न. पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडलं ते वाचणाऱ्याला कळतं, पण ईयोबाला ते अखेरपर्यंत कुणी सांगत नाही. आणि राग निघतो तो मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं बोलला तसं तुम्ही नीट बोलला नाहीत, असं देव त्यांना बजावतो. ज्यांनी देवाची बाजू घेतली तेच चुकले, आणि ज्यानं तक्रार केली त्याला देवानं आपला म्हटलं. एवढा एक भाग जरी मनात पक्का बसला, तरी दुःखाच्या घरी जाताना आपली जीभ आवरेल.

ईयोब फार जुन्या काळातला आणि परक्या मुलखातला वाटेल. म्हणून आपल्या जवळच्या एका बाईबद्दल सांगतो. पंडिता रमाबाईंचं नाव आपण शाळेत वाचलेलं असतं, पण त्यांच्या आयुष्यातली दुःखाची रांग पुस्तकातल्या दोन परिच्छेदांत दडपली जाते.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल लोकांचा रोष ओढवून घेतलेले. पुढं हे कुटुंब तीर्थाटन करत, पुराण सांगत दक्षिणेत फिरत राहिलं. १८७४च्या सुमारास त्या भागात दुष्काळ पडू लागला. जवळचे पैसे संपले, भांडीकुंडी संपली. देव प्रसन्न व्हावा म्हणून व्रतं केली, उपास केले, जवळ होतं ते दान केलं. रानातला पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ते दोघं पायी हिंदुस्थान चालले. झेलमच्या काठी थंडीच्या रात्री अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून ते निजले. हे सगळं त्यांनी स्वतः पुढं लिहून ठेवलं आहे. त्या चालण्यात त्यांचा आधीच्या व्रतवैकल्यांवरचा विश्वास गळून पडला, हेही त्यांनी लपवलेलं नाही. त्या वेळी त्या विशीच्याही नव्हत्या.

१८७८ साली भाऊबहीण कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. दोन वर्षांत भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. एप्रिल १८८१मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२मध्ये पटकीनं बिपिनबिहारी गेले. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा, कुणीही उरलं नाही. मांडीवर वर्षही न भरलेली मुलगी, आणि वय अवघं २३.

इथं सोपं बोलणं फार सहज सुचतं. या दुःखांनीच देवानं रमाबाईंना घडवलं, ही माणसं गेली म्हणूनच पुढं विधवांसाठी शारदासदन झालं, केडगावचं मुक्ती मिशन झालं, असं कितीतरी प्रवचनांत मी ऐकलं आहे. मला ते मान्य नाही. अनंतशास्त्री दुष्काळात खंगून मेले ते पुढच्या संस्थेची वर्गणी म्हणून मेले, असं म्हणणं त्या म्हाताऱ्या माणसाचा अपमान आहे आणि देवाचाही. भल्या कामासाठी आधी प्रेतं मोजून घेणारा देव मला ठाऊक नाही.

मग देवाचं शहाणपण कुठं दिसलं? १८९६-९७मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई उठून तिथं गेल्या. भुकेनं वाळलेल्या, आईबाप मेलेल्या, वाईट माणसांच्या हाती पडू लागलेल्या मुली त्यांनी पाहिल्या आणि शेकडोंना घेऊन पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आल्या. भुकेलेल्या मुलीकडे बघून तिच्या पोटात काय होत असेल ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. स्वतःचा दुष्काळ आठवला म्हणूनच आपण निघालो, असं त्यांनी लिहिलं. भूक देवानं दिली असं मी म्हणणार नाही. भूक सोसलेलं ते काळीज मात्र देवानं वाया जाऊ दिलं नाही. दुःख कशामुळे आलं हा एक प्रश्न, आणि त्या दुःखातून वाट कोण काढतो हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा आपल्याला मिळत नाही. दुसऱ्याचं मिळू शकतं, पण उशिरा, आणि मागं वळून बघितल्यावर.

उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाची गोष्ट आहे. भावांनी त्याला आधी विहिरीत टाकलं, मग विकलं, तो मिसरात गुलाम झाला, खोट्या आरोपावरून तुरुंगात पडला, आणि शेवटी फारोचा कारभारी झाला. दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला त्याच्याच दारी आले. पुढं बाप याकोब गेल्यावर भावांना भीती वाटली की आता हा सूड घेणार. तेव्हा योसेफ म्हणाला की तुम्ही माझं वाईट चिंतलंत, पण देवानं त्यातून भलं केलं. हे बोलणं आपण फार सैल हातानं वापरतो. ते बोलला कोण, हे बघा. ज्यानं सोसलं तो स्वतः बोलला. विहिरीच्या काठी उभ्या असलेल्या कुणी खाली वाकून पोराला ते ऐकवलं नाही. जवळजवळ चाळीस वर्षं मधे गेली होती. आणि तुम्ही वाईट केलंत, हे त्यानं आधी ठणकावून सांगितलं, मग देवाचं नाव घेतलं. तुमच्या दुःखात देवाचा काय हेतू होता हे सांगायचा हक्क फक्त तुमचा आहे. तुम्हाला कधीच सांगावंसं वाटलं नाही, तरी तेही चालेल.

रमाबाईंचं सगळंच मागाहून जुळून आलं असंही नाही. मनोरमा मोठी झाली, शिकली, आईचा उजवा हात झाली. शारदासदनचा कारभार तिच्याकडे होता, गुलबर्ग्याला तिनं शाळा काढली. आपल्यामागं हीच सगळं सांभाळणार, हे आईनं धरून ठेवलेलं. जुलै १९२१मध्ये चाळिशीच्या मनोरमेचा मृत्यू झाला. यात कुठलं भलं झालं, कुणाला कसला धडा मिळाला? मी पुष्कळ वाचलं, मला काही सापडलं नाही, आणि आता मी शोधतही नाही. त्या वेळी रमाबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, कानांनी नीट ऐकू येत नव्हतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं साध्या, बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत भाषांतर करायचं काम त्यांनी कितीतरी वर्षांपासून हाती घेतलं होतं. मुक्तीच्याच छापखान्यात मुली खिळे जुळवायच्या. मुलगी गेल्यावरही हे काम चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी, मुलीमागून नऊ महिन्यांच्या आत, रमाबाई गेल्या. ते पूर्ण भाषांतर १९२४ साली छापून बाहेर आलं.

मला देवावरचा भरवसा म्हणजे काय ते इथं दिसतं. कारण कळलेलं नाही, मन समजलेलं नाही, आणि तरीही सकाळी टेबलापाशी बसून पुढची ओळ मराठीत आणायची. देव शहाणा आहे असं रोज मोठ्यानं म्हणायची गरज नसते. काही दिवस तर ते म्हणवतही नाही. आज हातात असलेलं काम, घरातल्या लेकराची वेणी, गोठ्यातल्या गाईचं पाणी, एवढं जरी केलं तरी तो भरवसाच आहे, मनाला तसं वाटो की न वाटो.

आता एक महत्त्वाची गोष्ट, आणि ती मी थोडी जोरानं सांगणार आहे. माणसाचा गुन्हा देवाच्या नावावर टाकू नका.

रमाबाईंच्या काळात बालविधवेला सांगितलं जायचं की तुझ्या पूर्वजन्मीच्या पापानं नवरा गेला, हे भोग देवानंच लिहिले आहेत, केस काढ आणि कोपऱ्यात बस. रमाबाईंनी या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. आकाशातून पाऊस न पडणं आणि दहा वर्षांच्या पोरीचं डोकं भादरणं, या दोन गोष्टी एका पंक्तीत बसत नाहीत. दुसरी माणसांनी केलेली होती आणि माणसांनीच ती थांबवायची होती. म्हणून १८८२मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग आला, तेव्हा त्या साक्षीला उभ्या राहिल्या आणि बायकांसाठी शिक्षिका हव्यात, स्त्री डॉक्टर हव्यात, असं सांगितलं. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडलं. पुढं धोंडो केशव कर्व्यांशी ज्यांचा पुनर्विवाह झाला त्या गोदूबाई तिथंच शिकल्या. १८८३मध्ये त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता. पुढं शारदासदन पुण्याला गेल्यावर, मुलींनाही ख्रिस्ती करतात म्हणून तिथं त्यांच्यावर फार टीका झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांनी काम सोडलं नाही.

आजही हेच आहे. खड्ड्यात दुचाकी जाऊन कुणाचा मुलगा मेला, तर ‘त्याची वेळ भरली होती’ म्हणून गप्प बसू नका. तो खड्डा कुणीतरी बुजवायचा होता. वेळेवर रुग्णवाहिका आली नाही म्हणून बाळंतीण दगावली, हुंड्यापायी सून जळाली, सावकाराच्या तगाद्यानं शेतकऱ्यानं फास घेतला, यातल्या एकालाही देवाची इच्छा म्हणू नका. अर्ज करा, फिर्याद द्या, ग्रामसभेत उभं राहून विचारा. प्रार्थना करून कागद हातात घ्या आणि कचेरीत जा. असं केल्यानं देवावरचा विश्वास कमी पडला असं सांगणारे भेटतील. त्यांना सांगा, शास्त्रातले संदेष्टे याच कामासाठी राजांच्या दारात उभे राहिले होते.

तीच गोष्ट आजारपणाची. गाठ आली, कावीळ झाली, साखर वाढली, तर दवाखाना सोडून फक्त प्रार्थनेला बसू नका. चार शुभवर्तमानांतल्या एकाचा लेखक म्हणून परंपरा ज्या लूकचं नाव सांगते, तो वैद्य होता. औषधाची गोळी घेताना देवाचा अपमान होत नाही.

मनाचं आजारपणही आजारपणच असतं. झोप उडाली, खाणं तुटलं, सारखं मरणाचं मनात येऊ लागलं, तर ते पाप नव्हे आणि श्रद्धेची कमीही नव्हे. एलीया संदेष्टा एका झाडाखाली जाऊन मला मरण दे म्हणाला, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. तुमच्या मनात तसे विचार येत असतील तर आजच कुणालातरी सांगा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फोन लागतो, मराठीतही बोलता येतं. पाळकाला सांगा, महाराजांना सांगा, बहिणीला सांगा, पण एकटे राहू नका.

आणि देवाशी बोलणं बंद करू नका. गोड बोलायला जमत नसेल तर भांडा. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं तक्रारीची आहेत, देवा तू कुठं लपलास असं विचारणारी. वधस्तंभावर येशूनंही आपल्याला का टाकलंस असं विचारलं, आणि तो प्रश्न २२व्या स्तोत्राच्या सुरुवातीचाच होता. आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो पालथा पडून, हे टळत असेल तर टाळ, असं मागत होता. मागितलेलं मिळालं नाही. देवाच्या पुत्राला जे विचारायची मुभा होती ती आपल्याला नाही, असं कुणी ठरवलं? आमच्या मराठी संतांनीही विठ्ठलाला काही कमी बोल लावलेले नाहीत. तुकोबांनी दुष्काळात बायको आणि मूल गमावलं, दिवाळं निघालं, आणि मग त्यांनी देवाशी जे बोलणं सुरू केलं त्यात लाड आहे तसा कडाक्याचा वादही आहे. कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हाही तुकोबांचा हात त्यांनी सोडला नाही, याचं मला नेहमी समाधान वाटतं.

ज्याच्याशी आपण भांडतो त्याच्याशी नातं शिल्लक असतं. म्हणून रडत केलेली, शिव्या घातलेली, अर्धवट राहिलेली प्रार्थनाही प्रार्थनाच समजा. तीही न जमली तर मंडळीत, देवळात, मशिदीत नुसतं मागच्या रांगेत जाऊन बसा. तुमच्या वतीनं दुसरे म्हणतील. गाणं म्हणणाऱ्यांच्या मधे गप्प बसायला लाज वाटून घेऊ नका.

शेवटची विनंती ज्यांच्या घरी सध्या सगळं बरं आहे त्यांना. दहावा झाला, तेरावा झाला, ख्रिस्ती घरात आठवण-उपासना झाली, की येणारी माणसं आटतात. तोवर घर भरलेलं असतं, जेवणं होत असतात. खरं ओझं त्यानंतर पडतं. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेपा, बँकेत नाव बदलणं, शाळेची फी, पेरणीसाठी माणूस नाही, आणि रात्री घरात पसरलेली शांतता. तुमच्या गल्लीत, वाडीत, मंडळीत असं एक घर नक्की असेल जिथं सहा महिन्यांपूर्वी कुणी गेलं आणि आता कुणी फिरकत नाही. या आठवड्यात तिथं जा. देवानं असं का केलं ते सांगू नका, कारण ते तुम्हाला माहीत नाही. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला, लोक नाव घ्यायला भितात आणि घरच्यांना तेच ऐकायचं असतं. बँकेचा फॉर्म भरून द्या, पोरांना तासभर खेळायला घेऊन जा, आणि निघताना पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी येणार ते सांगून निघा.